चार वर्षं बेटावर, सात वर्षं कागदावर

मागच्या सेमिस्टरला पी.एल. लागली आणि आमच्या विंगमध्ये परंपरेप्रमाणे अभ्यास सोडून पिक्चर सुरू झाले. मेसचं जेवण आटोपलं की सगळे एका खोलीत जमायचे. दोन कॉट जोडलेल्या, टेबलावर लॅपटॉप, त्याला एक घरघरणारा स्पीकर, आणि एका कॉटवर सहा या हिशोबाने बारा जण. (रेक्टर सर, वाचत असाल तर कृपया नोंद घ्यावी, मोडलेली कॉट आमच्या विंगची नव्हे.) तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीला पाहिजेत जीव वाचवायचे पिक्चर, म्हणजे माणूस बेटावर अडकला, दरीत अडकला, मंगळावर अडकला. दुसऱ्या पार्टीला पाहिजेत कोर्टाचे. पहिल्यांचं म्हणणं, कोर्टात नुसती बडबड असते. दुसऱ्यांचं म्हणणं, बेटावर बडबड करायलाही कोणी नसतं, झोप येते.

रोज मतदान व्हायचं. मी दोन्ही वेळा हात वर करायचो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खायचो. आता मॅगझिनवाल्यांनी "मराठी विभागाला लेख कमी पडतायत, काहीतरी दे" म्हणून पाठ धरली आहे, तर ते दोन्ही हात वर का होते ते एकदाचं सांगून टाकतो. माझं म्हणणं असं, की हे दोन वेगळे प्रकार नाहीतच. गोष्ट एकच असते, अर्धी समुद्रावर घडते आणि अर्धी किनाऱ्यावर. हे मला कुठल्या समीक्षकाने नाही शिकवलं, माझ्या मामीने शिकवलं. तिच्याकडे येतोच, पण आधी पिक्चर.

मी देवगडचा. देवगड म्हटलं की इथे सगळ्यांना फक्त हापूस आठवतो. (मे महिन्याच्या तोंडावर माझी लोकप्रियता अचानक वाढते. असो.) पण आमचं गाव आंब्याचं आहे तितकंच बंदराचंही आहे. देवगडचं बंदर नैसर्गिक आडोशाचं. अरबी समुद्रात वादळाची खबर आली की रत्नागिरीच्या, गुजरातच्या, कर्नाटकच्या बोटी आसऱ्याला आमच्याकडे येतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्यार वादळ आलं तेव्हा बंदरात बोटीला बोट लागली होती. आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा बंदरात नांगरलेल्या बोटीसुद्धा सुटल्या, बुडाल्या आणि त्यावरचे खलाशी गेले. त्यामुळे जीव वाचवण्याची गोष्ट ही आमच्याकडे पिक्चरमध्ये पाहायची गोष्ट नाही, ती सकाळी बंदरावरून येणारी खबर असते.

अशा गावात 'कास्ट अवे' पाहणं म्हणजे वेगळीच मजा. २००० सालचा पिक्चर, रॉबर्ट झेमेकिसचा. टॉम हँक्स हा कुरिअर कंपनीचा माणूस, घड्याळाच्या काट्यावर धावणारा. विमान पॅसिफिकमध्ये पडतं आणि हा चार वर्षं निर्मनुष्य बेटावर. बरोबर फक्त वाहून आलेली पार्सलं आणि विल्सन नावाचा एक व्हॉलीबॉल. हा पिक्चर मी पहिल्यांदा घरी आजोबांबरोबर पाहिला. हँक्स दगडावर नारळ आपटतोय, टोकदार दगडाने खरवडतोय, घाम गाळतोय, आणि इकडे आजोबा अस्वस्थ. शेवटी न राहवून म्हणाले, "ह्येका नारळ सोलूक येना नाय आणि ह्यो चार वर्सां जगलो?" आमच्याकडे जमिनीत रोवलेल्या पहारेवर नारळ चार हिसड्यांत सोलतात. आजोबांच्या दृष्टीने पिक्चर तिथेच संपला.

पण मला तोच भाग सगळ्यांत खरा वाटतो. कारण या पिक्चरची खरी परीक्षा माझ्या मते एकच: कंटाळवाणं काम दाखवतात की नाही? वाघाशी झुंज, कड्यावरून उडी हे सगळं दाखवायला सोपं. जगण्याचं खरं काम म्हणजे हिशोब. पाणी किती, दिवस किती. 'कास्ट अवे'मध्ये बेटावर असेपर्यंत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, नुसता लाटांचा आवाज. संगीत सुरू होतं तो बेट सोडतो तेव्हा. आणि हँक्सला वजन कमी करता यावं म्हणून शूटिंग जवळजवळ वर्षभर थांबवलं होतं. त्या वेळात दिग्दर्शकाने दुसरा एक पिक्चर काढला! आपल्याकडे हीरो महिनाभर अडकला तरी दाढी ट्रिम केलेली.

पाण्याचंच घ्या. आमच्या विंगमध्ये एकाने विचारलं, "अरे एवढा समुद्र आहे समोर, थोडं थोडं पीत राहिला तर काय होतं?" इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा! समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे साडेतीन टक्के. आपली मूत्रपिंडं जोर लावून लावून क्षार बाहेर टाकतात ते साधारण दोन टक्क्यांच्या द्रावणात. म्हणजे एक लिटर समुद्र प्यायलात तर त्यातलं मीठ बाहेर काढायला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी लागणार. वरचं अर्धा-पाऊण लिटर कुठून येणार? तुमच्याच अंगातून. थोडं थोडं प्यायलं तरी हिशोब बदलत नाही, फक्त हळूहळू तोट्यात जाता. हे गणित ज्या पिक्चरला कळतं तो चांगला पिक्चर.

विक्रमादित्य मोटवानेचा 'ट्रॅप्ड' (२०१७) याच कारणाने मला भारी वाटतो. बेट नाही, जंगल नाही, मुंबईतली एक रिकामी उंच इमारत. राजकुमार राव वरच्या फ्लॅटमध्ये कोंडला जातो. वीज नाही, नळाला पाणी नाही, मोबाईलची बॅटरी संपली. खाली रस्त्यावर अख्खी मुंबई चाललीय आणि याचा आवाज कोणाला जात नाही. पाऊस पडतो तेव्हा हा घरात असेल नसेल ते भांडं बाहेर धरतो, तो प्रसंग पाहताना आमच्या बारा जणांपैकी एकही जण बोलला नाही. जे आमच्या विंगमध्ये राष्ट्रगीताला पण होत नाही.

'द मार्शियन'ला (२०१५) मात्र मेकॅनिकल आणि केमिकल दोन्ही ब्रँचचा पूर्ण पाठिंबा होता. मंगळावर एकटा राहिलेला मॅट डेमन रॉकेटच्या इंधनातून, म्हणजे हायड्राझिनमधून हायड्रोजन काढतो, तो ऑक्सिजनबरोबर जाळून पाणी करतो आणि बटाटे पिकवतो. पहिल्या प्रयत्नात स्फोट होतो, कारण आपण श्वासातून जो जादा ऑक्सिजन बाहेर टाकतोय तो त्याने हिशोबात धरलेला नसतो. वायवाला बसलेल्या कोणालाही हे दुःख कळेल. गंमत म्हणजे एवढं सगळं शास्त्र सांभाळून सुरुवातीचं वादळच खोटं आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्याही आत. तिथला वारा कितीही वेगाने आला तरी रॉकेट कलंडवण्याची ताकद त्यात नाही. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या अँडी वीअरने स्वतःच हे कबूल केलं आहे. माणसाला अडकवायचं तर काहीतरी करायला पाहिजे ना!

आता 'कास्ट अवे'मधला तो प्रसंग, ज्यामुळे मी हा लेख लिहितोय. हँक्स गुहेच्या भिंतीवर एक वर्तुळ काढतो आणि विल्सनला गणित समजावतो. विमान वादळ टाळायला वळलं, तासभर रेडिओचा संपर्क नव्हता, म्हणजे ठरलेल्या मार्गापासून ते साधारण ४०० मैल कुठेही गेलेलं असू शकतं. ४०० चा वर्ग गुणिले ३.१४, झाले पाच लाख चौरस मैल. मी तेव्हाच पिक्चर थांबवून किलोमीटरमध्ये केलं. तेरा लाख चौरस किलोमीटर. म्हणजे चार महाराष्ट्र मांडले तरी जागा उरते. एवढ्या पाण्यात एक माणूस. तो व्हॉलीबॉलला शांतपणे सांगतो, की आपण कदाचित कोणाला सापडणार नाही. शाळेत पाठ केलेलं πr² इतकं भीतीदायक असू शकतं हे मला तेव्हा कळलं.

आता कोर्टाकडे. या पार्टीचे प्रमुख म्हणजे आमचा एक इलेक्ट्रॉनिक्सचा मित्र, ज्याने '१२ अँग्री मेन' आम्हाला तीनदा दाखवला. १९५७ चा, काळा-पांढरा, दीड तासाचा. बारा ज्युरी, एक खोली, उकाडा, आणि एका पोराच्या फाशीचा निर्णय. सिडनी ल्युमेटने यात एक युक्ती केली आहे ती आमच्या फोटोग्राफी क्लबने लक्षात ठेवावी. पिक्चर पुढे सरकतो तशी तो कॅमेऱ्याची लेन्स जास्त फोकल लेंग्थची वापरत गेला. भिंती हळूहळू माणसांच्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. खोली तेवढीच, पण बसलेल्यांचा जीव गुदमरतो. आमच्या खोलीत तेच काम बारा जणांचे मोजे करत होते.

यावरून बासू चटर्जींनी १९८६ मध्ये 'एक रुका हुआ फैसला' केला. काम सगळ्यांचं फक्कड, पण एक गोची आहे. १९८६ मध्ये भारतात फौजदारी खटल्यात ज्युरी होतीच कुठे? १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदलातल्या नानावटींना निर्दोष ठरवलं, सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. या एका खटल्याने ज्युरी संपली असं सगळे सांगतात, पण ती त्याआधीपासूनच हळूहळू कमी होत चालली होती, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. 'रुस्तम' (२०१६) पाहून ज्यांनी माझ्याशी वाद घातला त्यांच्यासाठी हे खास.

मेकॅनिकलवाल्यांनी मात्र कोर्टाचा एकच पिक्चर पाहायचा असेल तर 'माय कझिन व्हिनी' (१९९२) पाहावा. आपल्याकडे मकरंद अनासपुरेचा 'कायद्याचं बोला' (२००५) त्यावरूनच आला. मूळ पिक्चरमध्ये खुनाच्या जागेवरून पळालेल्या गाडीच्या टायरचे व्रण हा पुरावा असतो. आरोपींची गाडी १९६४ ची ब्यूइक. साक्षीला येते वकिलाची होणारी बायको, खानदानी मेकॅनिक. ती फोटो बघते आणि सांगते की हे व्रण त्या गाडीचे असूच शकत नाहीत. कारण साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात घसरलं की सगळी गती त्याच चाकाला जाते, दुसरं जागेवर राहतं. (एस.टी. स्टँडच्या चिखलात फिरणारं चाक आठवा.) इथे दोन्ही चाकांचे व्रण सारखे उमटले आहेत, म्हणजे गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल पाहिजे. शिवाय एक बाजू फूटपाथच्या कडेवर चढूनही व्रण सपाट राहिलेत, म्हणजे मागचं सस्पेन्शन दोन्ही चाकांना स्वतंत्र पाहिजे. ब्यूइकला यातलं काहीच नव्हतं. आरोपी सुटतात! मारिसा टोमेला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. थिअरी ऑफ मशीन्सच्या पहिल्या लेक्चरला ही पाच मिनिटं दाखवली तर हजेरी वाढेल, अशी सरांना नम्र सूचना.

पण खरं कोर्ट म्हणाल तर चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. २०१४ चा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर आरोप असतो, की त्याचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. शाहीर झालेत वीरा साथीदार. आमच्या विंगमध्ये हा पिक्चर सपशेल आपटला. कॅमेरा हलत नाही, कोणी ओरडत नाही, हातोडा आपटत नाही. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) कलमं वाचतात ती रेशनच्या यादीसारखी, एका सुरात, आणि संध्याकाळी लोकल पकडून घरी जाऊन स्वयंपाक करतात. साक्षीदार बोलतो, जज्ज ते स्वतःच्या शब्दांत टायपिस्टला सांगतात, आणि मग तेच खरं. पुढची तारीख. 'दामिनी'त तारखांवरून सनी देओल गरजतो तेव्हा टाळ्या पडतात. 'कोर्ट'मध्ये तारीख पडते तेव्हा काहीच होत नाही, आणि खऱ्या कोर्टात तसंच असतं.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी गेलोय. आता मामी.

माझा मामा मासेमारी करायचा. मोठा ट्रॉलर नव्हे, छोटी होडी, मागे मशीन लावलेली. सकाळी होडी, दुपारनंतर एम-एटीला टोपली बांधून आजूबाजूच्या गावांत म्हावरं विकायचं. मी पहिलीत असताना एका सकाळी तो एकटाच गेला आणि आला नाही. दुसऱ्या दिवशी होडी सापडली, बरीच दक्षिणेला, उलटी. मामा सापडला नाही. गावातल्या बोटींनी चार दिवस शोधला.

पुढे कॉलेजात आल्यावर एकदा मी ते हँक्सचं गणित मामासाठी केलं. प्रवाह तासाला एक सागरी मैल धरला, म्हणजे १.८५ किलोमीटर. संध्याकाळी आला नाही म्हणून लोक शोधायला निघेपर्यंत दहा तास धरले. साडेअठरा किलोमीटर त्रिज्या, क्षेत्रफळ सुमारे १,०७७ चौरस किलोमीटर. अख्खी बृहन्मुंबई सहाशेच्या आसपास आहे. आणि वेळ दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, पहाटेपर्यंत ४,३०० च्या वर. किनारा एका बाजूला असतो म्हणून त्यातलं निम्मं सोडा. तरी चार दिवस शोधणाऱ्यांना मी मनातल्या मनात हात जोडले. मामाच्या होडीवर सिग्नल देणारं काही यंत्र नव्हतं. इस्रोने मच्छीमारांसाठी संकट-सूचक ट्रान्समीटर केला आहे, बटण दाबलं की उपग्रहामार्फत ठावठिकाणा जातो. पण पहिल्या पिढीच्या यंत्रात निरोप एकतर्फी होता, बटण दाबणाऱ्याला कळायचंच नाही की तो पोचला. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात उलट उत्तर येतं. बुडणाऱ्याला "कळलं, येतोय" एवढं ऐकू येणं ही केवढी मोठी सुधारणा आहे, हे डिझाईन करणाऱ्याला नक्की माहीत असणार.

इथपर्यंत पहिल्या प्रकारचा पिक्चर. फक्त यातला हीरो परत आला नाही, त्यामुळे बेटावर काय झालं ते सांगणारा कोणी नाही. आणि मग किनाऱ्यावरचा पिक्चर सुरू झाला.

मामी एका ऑफिसात गेली. म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा. दाखला देणारे म्हणाले, मृतदेह कुठाय? दोघांचंही नियमाने बरोबरच होतं. कायदा असा: १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम १०८. एखादा माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती, अशा माणसांना सात वर्षं त्याची काहीच खबर लागलेली नसेल, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. सात वर्षं व्हायच्या आत उलटं, तो मेला म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात तेच कलम १११ म्हणून आहे, आकडा सातच. मोठी आपत्ती आली तर सरकार वेगळी पद्धत काढून ही वाट आखूड करू शकतं. २००४ च्या त्सुनामीनंतर आणि २०१३ च्या केदारनाथच्या पुरानंतर तसं केलं गेलं. पण एकटा माणूस एकट्या होडीतून गेला तर ती आपत्ती ठरत नाही.

म्हणजे सात वर्षं मामा कायद्याने जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. घर आणि होडी त्याच्या नावावर. आणि एक छोटी विमा पॉलिसी. इथे आमच्या वाडीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मामीला सल्ला दिला, काही झालं तरी हप्ता चुकवू नकोस. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. नंतर कळलं की ते किती बरोबर होते. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एलआयसीच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की सात वर्षांनी कायदा माणूस मेला एवढंच धरतो, तो कधी मेला हे धरत नाही. हरवला त्याच दिवशी मेला असं आपोआप मानता येत नाही. म्हणजे दावा करेपर्यंत पॉलिसी चालू ठेवायची तर हप्ते भरत राहायला पाहिजेत. मामी काजूच्या बी फोडायला जायची, त्यातून भरायची. दर हप्त्याच्या पावतीवर मामाचं नाव, जणू तोच भरतोय.

आणि कागदाबाहेरचं वेगळंच. लग्नाच्या पत्रिका यायच्या. पाकिटावर 'सौ.' लिहायचं की 'श्रीमती'? काहींनी नुसतं मामाच्याच नावाने पाठवल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर वाडीत बायकांची कुजबुज. माझी आई बोलवायची. काही जणी बोलवत नव्हत्या. मामीने मंगळसूत्र काढलं नाही आणि त्यावर कोणाशी एक शब्द बोलली नाही.

मी आठवीत असताना सात वर्षं झाली आणि वकिलांनी दावा लावला. मंजूर होईपर्यंत मी दहावीत आलो होतो. आंब्याच्या सीझनमध्ये घरात मोठं माणूस मोकळं नसायचं, म्हणून सोबतीला मला पाठवायचे. कोर्टाचं नाव नको, सगळीकडे तसंच असतं. लाकडी बाक, पंखा, गठ्ठे, आणि आपलं नाव पुकारतील म्हणून सकाळपासून कान तिकडे. कधी दुसरी केस लांबली, कधी कोणी रजेवर. पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागली, की हा माणूस जिवंत असल्याची कोणाला माहिती असेल तर कळवावं. ती नोटीस आली त्या दिवशी मामीने पेपर घरी आणला नाही. एसटीतच ठेवून उतरली.

साक्षीच्या दिवशी जज्जसाहेबांनी स्वतःच विचारलं, "शेवटचं कधी पाहिलंत?" मामी म्हणाली, "सकाळी पेज जेवान गेले. म्हणाले, सांजेक येतंय." जज्जसाहेबांनी टायपिस्टला सांगितलं, अमुक तारखेस पती मासेमारीसाठी गेले ते परत आले नाहीत. पेज गेली, सांज गेली. साहेब चांगले होते, आवाज मऊ होता, त्यांना तेवढंच लिहायचं असतं. पुढे कित्येक वर्षांनी 'कोर्ट' पाहताना जज्ज टायपिस्टला सांगायला लागले आणि मला तो बाक आठवला. विंगमधले बाकीचे तेव्हा मोबाईल बघत होते.

म्हणून मला हे दोन्ही प्रकार एकच वाटतात. जगात याचे दाखले भरपूर आहेत. २००९ च्या १५ जानेवारीला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर कॅप्टन सलनबर्गरने विमान उतरवलं, १५५ च्या १५५ जण वाचले. त्यावरचा 'सली' (२०१६) अर्धा विमानात आहे आणि अर्धा चौकशीच्या टेबलावर. सिम्युलेटरवर बसलेले पायलट विमान परत धावपट्टीवर आणून दाखवतात, पण त्यांना आधीच माहीत असतं काय करायचं. माणसाला कळायला, ठरवायला लागणारे ३५ सेकंद धरले की तेच विमान पडतं. (चौकशी मंडळ पिक्चरमध्ये दाखवलंय तितकं खडूस प्रत्यक्षात नव्हतं, हेही सांगायला पाहिजे.)

आणि 'लाइफ ऑफ पाय'मधला तो वाघ, रिचर्ड पार्कर! हे नाव खऱ्या कोर्टातून आलेलं आहे. १८८४ मध्ये मिन्योनेट नावाची इंग्लिश नौका बुडाली, चार जण छोट्या होडीत. तीन आठवडे होत आले तेव्हा दोघांनी ठरवून आजारी पडलेल्या सतरा वर्षांच्या पोऱ्याला मारलं आणि उरलेल्या तिघांनी त्याला खाऊन जीव वाचवला. पोऱ्याचं नाव रिचर्ड पार्कर. पुढे त्यांची सुटका झाली, घरी आल्यावर त्यांनी सगळं स्वतःहून सांगून टाकलं. त्यांना वाटलं समुद्रावरचा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. कोर्टाने दोघांना खुनाबद्दल फाशी सुनावली, नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. जीव वाचवण्याची गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असा तो निकाल कायद्याच्या पोरांना आजही शिकवतात. पिक्चरच्या शेवटी पायला दवाखान्यात भेटायला येणारे ते दोन जपानी अधिकारी, त्यांना रिपोर्ट लिहायचा असतो म्हणून ते दुसरी गोष्ट मागतात. म्हणजे तेही छोटं कोर्टच की.

'कास्ट अवे'मध्येही हे सगळं आहे, फक्त दोन-तीन मिनिटांत. हँक्स परत येतो तेव्हा कळतं की त्याचे अंत्यविधी उरकलेत. पेटीत काय होतं विचारतो, तर मित्र सांगतो, प्रत्येकाने काहीतरी टाकलं, मोबाईल, पेजर, फोटो, मी एल्व्हिसच्या सीडी टाकल्या. आणि त्याची केली लग्न करून बसली आहे, मुलगी झाली आहे. आमच्या विंगने तिला एकमुखाने बेवफा ठरवलं. मी भांडलो. चार वर्षं तिला किती कागदांवर सह्या कराव्या लागल्या असतील, कोणत्या चौकटीत कोणती खूण करायची हे तिने कसं ठरवलं असेल, त्याचा पिक्चर कोणी काढलेलाच नाही. तो दीड तासाचा वेगळा पिक्चर झाला असता, आणि आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला आवडला असता.

या मे महिन्यात घरी गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन मामीकडे गेलो. लावावा की लावू नये, दोन दिवस घोळत होतो. मग सरळ सांगितलं, समुद्रात हरवलेल्या माणसाचा आहे, नको असेल तर दुसरा लावतो. म्हणाली, लाव. काजूच्या बी फोडत फोडत तिने पूर्ण पाहिला. संवाद मी मालवणीत सांगत होतो. नारळाच्या ठिकाणी हसली. व्हॉलीबॉल वाहून गेला तेव्हा हात थांबला होता, पण काही बोलली नाही.

शेवटी पावसात हँक्स केलीच्या घरी जातो. ती त्याला गॅरेजमध्ये नेते. त्याची जुनी जीप तिने ठेवलेली असते. किल्ली देते, आणि तो गाडी चालू करून बाहेर काढतो. तिथे मामीने मला थांबवायला लावलं.

"गाडी एका दमात चालू झाली मां?"

मी म्हटलं, हो.

"म्हंजे ती मधी मधी चालू करून ठेवी होती."

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पिक्चर चार वेळा पाहिलाय. चार वर्षं नुसती उभी असलेली गाडी, बॅटरी मेलेली असणार, पेट्रोलचा डिंक झालेला असणार, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तिच्या मागच्या पडवीत गोणपाटाखाली मामाची एम-एटी उभी आहे. माझा मामेभाऊ आता ती चालवतो. पण तो शाळेत होता तेव्हापासून ती पहिल्या-दुसऱ्या किकला चालू व्हायची, आणि आम्ही म्हणायचो, बजाजचं इंजिन, मरत नाही.

मामी बी फोडलेल्या हाताने लॅपटॉपकडे बोट करून म्हणाली, "लाव फुडे." मग मी पुढे लावला.